एकाच तारखेचे दोन भाऊ

"मेरा असली है, साब."

हे चार शब्द माझे आहेत. चूक माझी आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं अपमानाचं लिहायचं आहे आणि अपमान सोसलेला माणूस म्हणून उभं राहायची मला सवय झाली आहे. अपमान झाला, ते खरं. पण तो झाला त्याच मिनिटाला मी तो उचलून माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर टाकला. तेही खरं.

भरतीचं मैदान इथलंच. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. आम्ही दोघं भाऊ चड्डीवर, उघडे, अनवाणी. दंडावर मार्करनं नंबर टाकलेले. पळणं झालं होतं, उंची झाली होती, छाती झाली होती. आता फक्त कागद.

सिद्धार्थ माझ्याहून सव्वा वर्षानं लहान. पळण्यात माझ्याहून पुष्कळ पुढं. शेवटच्या फेरीत माझा दम तुटला तेव्हा त्यानं आपला वेग कमी केला आणि माझ्या पुढ्यात आला. "दादा, अर्धाच फेरा ऱ्हायला. मह्या टाचांकडं बघ, दुसरीकडं बघू नको." मी त्याच्या टाचांकडं बघत पळालो. वेळेत पोचलो.

टेबलामागं वर्दीतला एक माणूस बसला होता. आम्ही शाळा सोडल्याचे दाखले त्याच्यापुढं ठेवले. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी लावले.

"दोनों भाई?"

"जी साब."

"जुड़वाँ?"

"नहीं साब."

त्यानं दाखले शेजारच्याकडं सरकवले. "ये देख. माँ एक, बाप एक, तारीख एक. और जुड़वाँ भी नहीं."

शेजारचा हसला. "एक जून को पूरा गाँव पैदा होता है क्या?"

मग पहिल्यानं जातीचा रकाना वाचला. "अच्छा," तो म्हणाला. "तुम लोगों का तो ऐसा ही चलता है." पेन उचललं. "एक असली है, एक डुप्लिकेट. बोलो, कौन सा?"

दोन्ही खरे होते. दोन्ही एकाच शाळेचे, एकाच सहीचे. तारीख गुरुजींनी लिहिली, एवढं मला सांगता आलं असतं. तेवढं हिंदी मला येत होतं. मी सांगितलं नाही. मागं रांग होती. मला वाटलं, आता दोघांनाही हाकलतील.

मग मी ते चार शब्द बोललो.

सिद्धार्थनं माझ्याकडं बघितलं. त्या माणसानं त्याच्या दाखल्यावर लाल पेनानं दोन रेघा मारल्या. दंडावरच्या नंबरावर मार्करनं फुली मारली. म्हणाला, "भाग."

एक जूनचं सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांना हसू येईल. आमच्याकडं खेड्यात माझ्या वयाच्या माणसाला जन्मतारीख विचारा, दहातले बरेच जण एक जून सांगतील. शाळा जूनमधे उघडायची. गुरुजी पोराचं वय अदमासानं ठरवायचे आणि तीच तारीख टाकायचे.

आमचं गाव सिल्लोड तालुक्यातलं. मायनं आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं, कारण दुसऱ्या दिवशी तिला निंदणीला जायचं होतं. ती ओट्याखाली उभी राहिली. म्हणाली, "गुर्जी, हा मोठा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. अन् हा बारका पुढल्या साली कापूस वेचायच्या दिवसातला."

गुरुजी म्हणाले, "पोळा कागदावर चालत नाय."

वय बघायची त्यांची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर पोरगं सहा वर्षांचं. माझा हात पोचला. सिद्धार्थचा पोचेना. गुरुजींनी छडीचं टोक त्याच्या कोपराखाली घातलं आणि हात वर रेटला. हातानं रेटला असता तर विटाळ झाला असता. बोटं कानाला लागली. "पोचला," गुरुजी म्हणाले. दोघांनाही एक जून. एकच साल.

त्याच हजेरीत पाटलांच्या आणि त्यांच्या भावकीच्या पोरांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. सात सप्टेंबर, बावीस जानेवारी. त्यांच्या आयांनाही पोळाच आठवत असणार. पण त्यांच्या घरी जाऊन गुरुजी चहा घ्यायचे, पंचांग उघडायचे, तारीख काढायचे. हे मला फार उशिरा कळलं.

मैदानातून मी संध्याकाळी बाहेर आलो. पास झालो होतो. गेटच्या समोर, नालीच्या कडेला सिद्धार्थ बसला होता. आमच्या दोघांच्या कपड्यांची एकच पिशवी होती, ती त्याच्या मांडीवर. सकाळी त्याला हाकललं तेव्हा त्यानं ती सोबत नेली, म्हणून दिवसभर तो तिथंच बसून राहिला. घरी गेला असता तर मी उघडाच राहिलो असतो.

"झालं का, दादा?"

"झालं."

त्यानं माझ्या चपला काढून पुढं ठेवल्या. सिल्लोडची एसटी धरली. घरी मी सांगितलं, याचा दाखला अडकला. मायनं विचारलं, "काहून अडकला?" सिद्धार्थ म्हणाला, "मलाच ठाऊक नाय, माय." तो तसं म्हणाला ते मी ऐकलं. तांब्या उचलला आणि पाणी प्यालो.

वयाची अट एकवीस होती. पुढची भरती आली तेव्हा कागदावर त्याचं एकविसावं सरलं होतं. मायच्या हिशेबानं तो अजून बसत होता. माय कागदावर चालत नव्हती.

तो नवा दाखला मागायला शाळेत गेला. जुना लाल रेघांचा होता, कुठं दाखवता येत नव्हता. गुरुजी म्हणाले, "मी लिहिलेलं खोटं कसं निघंल? तूच खाडाखोड केली असशील." त्यांचा मुलगा तिथं बसला होता. तो हसून म्हणाला, "म्हंजी फौजेनं बोगस ठरवला का तुला?"

तिथून नाव पडलं. बोगस. आधी बस स्टँडवर, मग हॉटेलावर, मग सगळीकडं. बोगस आला का? बोगसला बोलवा पोती उचलायला. त्याच्या लग्नात मांडवात कोणीतरी म्हणालं, नवरा तरी असली हाय का बघा बरं. हशा झाला. मी सुट्टीवर आलो होतो. मांडवातच उभा होतो. वर्दीवर.

सिद्धार्थ सिल्लोडला जिनिंगवर लागला. कापसाच्या गाठी उचलायच्या. अजून तिथंच आहे. पोलीस भरतीचा अर्ज त्यानं कधी भरला नाही. कागद पुढं करायचं म्हटलं की त्याचे हात थंड पडतात, असं त्याच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं. मी दर सुट्टीत त्याला पळायचे बूट आणत गेलो. तो ते घालून जिनिंगला जायचा. त्या दिवसानंतर मी त्याला पळताना बघितलेलं नाही.

मी बावीस वर्षं नोकरी केली. शिपाई म्हणून गेलो, नाईक होऊन आलो. कागदावर बेचाळीस वर्षांचा होतो. निरोपाच्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "बहुत सेवा कर ली. अब उम्र हो गई आपकी. आराम करो. गार्ड की नौकरी तो मिल ही जाएगी."

साहेब माझ्याहून पाच वर्षांनी मोठे होते. त्यांना अजून पुष्कळ वर्षं राहायचं होतं. फौजेत शिपायाचं वय लवकर संपतं, साहेबाचं उशिरा. मी "जी साब" म्हणालो. राग आला नाही. मला तेव्हा काहीच येत नव्हतं.

गार्डची नोकरी मिळाली. महिन्याभरात त्याहून बरी मिळाली, शहरातल्या एका भरती अकादमीत. ती एका निवृत्त साहेबांची. ते चौपन्नाव्या वर्षी घरी आले आणि वर्षभरात अकादमी काढली. सकाळी पोरांना पळवायचं, दिवसा टेबलावर बसून कागद तपासायचे, हे माझं काम. चार वर्षं केलं. टेबलामागं मी बसायचो. पोरं समोर उभी राहायची. नावात काना कमी, आधारवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी. मी ओरडायचो, "बापाला विचारून ये, नक्की कधी जन्मलास." बाकीची पोरं हसायची. मीही हसायचो.

गेल्या वर्षी जूनमधे त्या टेबलापुढं सिद्धार्थ येऊन उभा राहिला. सोबत त्याचा मुलगा आकाश, एकोणीस वर्षांचा. मला न कळवता आला होता. हातात प्लास्टिकची पिशवी.

"दादा, ह्याला घाल पळायला," तो म्हणाला. मी काही मागायच्या आधीच त्यानं पिशवीतून एक कागद काढला. लॅमिनेट केलेला जन्माचा दाखला. "ह्याची तारीख खरी हाय. दवाखान्यातली हाय. शिक्का बघ."

मी शिक्का बघितला. एवढ्यात अकादमीचे साहेब आले.

"कोण रे हे?"

"भाऊ माझा, साहेब. आणि पुतण्या."

साहेबांनी आकाशच्या खांद्यावर हात ठेवून दाबून बघितलं, बैल बघतात तसं. "चांगला आहे. चार वर्षांत तयार होईल. फौजेत आता चार वर्षांनी चारातला एकच ठेवतात, बाकीचे परत. हरकत नाही, आमच्या सोसायटीला शिस्तीचे गार्ड लागतातच." मग सिद्धार्थकडं वळले. "तू का नाही गेलास रे फौजेत? तब्येत तर आहे."

सिद्धार्थ म्हणाला, "मव्हा दाखला बोगस निघाला व्हता, साहेब."

त्याच्या आवाजात लाज नव्हती, तक्रार नव्हती. एखाद्यानं रक्तगट सांगावा तसं त्यानं सांगितलं. तेव्हा मला कळलं की त्याला ते खरं वाटतं. मला वाटत होतं, तो माझ्यावर रागावून गप्प आहे. सव्वीस वर्षं मी त्याच्या रागाला भीत होतो. तो रागावलेलाच नव्हता. दादा म्हणाला म्हणजे आपल्याच कागदात काहीतरी खोट असणार, एवढंच त्यानं धरलं होतं.

साहेब हसले. "एका घरात एक असली, एक नकली! मग या पोराचे कागद नीट बघा बरं. रक्तात असतं ते."

आकाश जमिनीकडं बघत होता. मागं पन्नासेक पोरं उभी होती. त्यातली काही हसली. माझ्या तोंडून आधी "जी साहेब" हेच आलं. बावीस वर्षांची जीभ होती. ते बाहेर पडलं आणि मी थांबलो.

उभा राहिलो.

"साहेब, त्याला अहो म्हणा."

"काय?"

"पंचेचाळीस वर्षांचा आहे तो. त्याला अरे-तुरे करू नका. आणि त्याचा दाखला खोटा नव्हता. दोघांची तारीख एकच होती, गुरुजींनी लिहिलेली. खोटं मी बोललो. माझं व्हावं म्हणून."

साहेबांचा चेहरा उतरला नाही. फक्त कंटाळल्यासारखा झाला. "हे घरचं घरी बोला. टेबल सोडू नका, रांग आहे."

"सोडतो," मी म्हणालो. "रक्ताचं जे बोललात ते परत घ्या, नाहीतर सोडतो."

"डोकं फिरलंय का तुमचं? वय झालं."

मी खिशातली कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. छाती भरून वगैरे आली नाही. रस्त्यावर ऊन होतं. मी सिद्धार्थला म्हणालो, "माझं चुकलं. तू..."

त्यानं हात वर केला. त्याला घाम आला होता. आकाशला म्हणाला, "तू जाय पुढं, पाणी पी." पोरगा गेल्यावर त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "म्हंजी मव्हा खरा व्हता?"

"खरा होता."

"तुला तवाच ठाऊक व्हतं?"

"होतं."

"अन् मी मायला जलमभर सांगत आलो, मलाच ठाऊक नाय." माय गेल्याला सहा वर्षं झाली होती. तो रस्त्याकडं बघत राहिला. मी पुन्हा माफीचं काढलं. तो म्हणाला, "इथं नको, दादा. इथं मला कोण वळखतं? इथं माफी मागून तुला मोकळं व्हायचं हाय. जिथं मला बोगस म्हंतेत तिथं येऊन म्हण."

"येतो."

"बघू," तो म्हणाला. आकाशला घेऊन तो रिक्षात बसला. रिक्षा गेली. आकाशचं भरतीचं काय, ते त्यानं विचारलं नाही.

मी लगेच गेलो नाही. हेही लिहितो. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी बायकोला सांगितलं, पाय दुखतो. दुसऱ्या रविवारी काही सांगितलं नाही. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "भावजींनी दिवसभर तुमचे कपडे सांभाळले. तुम्हाला एक रविवार निघत नाही?"

चौथ्या रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो. फौजेचं काही अंगावर घातलं नाही. साधा शर्ट. आधी सिद्धार्थला घरून घेतलं. तो मागं मागं चालत आला.

गावात बस स्टँडला लागून चहाचं हॉटेल आहे. गुरुजी आता नाहीत. त्यांचा मुलगा तिथं रोज बसतो. पंचायतीत निवडून येतो, तंटे मिटवतो, माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. बाकड्यावर सातआठ जण होते. मला बघून त्यानं खुर्ची ओढली.

"या फौजी, या! बसा. दोन कट आण रे, एक इस्पेशल." मग माझ्या मागं बघून, "अन् बोगसराव पण आले का? उभ्याउभ्याच घ्या तुमी, तुमाला घाई ऱ्हाती."

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. सवयीचं होतं. सिद्धार्थही सवयीनं थोडा हसला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

मी बसलो नाही. म्हणालो, "आधी याला खुर्ची द्या."

"अहो, बसा तुमी. तो बसंल खाली."

"तो खाली बसणार नाही. आजच्यानंतर कधीच नाही."

हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. गुरुजींच्या मुलानं चष्मा काढला. म्हणाला, "काय झालं, फौजी? गावात येऊन असं बोलायचं असतं व्हय?"

मी जे झालं ते सांगितलं. मैदान, टेबल, दोन दाखले, लाल पेन. माझे चार शब्द जसेच्या तसे सांगितले. तारीख कोणी लिहिली तेही सांगितलं. छडीनं हात कसा रेटला तेही. गुरुजींचा मुलगा म्हणाला, "मेलेल्या माणसाला कशाला ओढता मधे?"

"ओढत नाही. सही त्यांची होती. दोन्ही कागदांवर. तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक होतं आणि तुम्ही हसलात. मलाही ठाऊक होतं आणि मी नोकरीला गेलो. फरक एवढाच की मी त्याचा भाऊ आहे, म्हणून माझं जास्त आहे."

एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या आता. लई वर्सं झाली."

"तुमची झाली असतील," मी म्हणालो. "त्याला काल संध्याकाळीसुद्धा कोणीतरी त्याच नावानं हाक मारली असेल. आजपासून ते नाव माझं. त्या नावानं हाक मारायची असेल तर मला मारा. मी ओ देईन. याला मारली तर मी पोलीस स्टेशनला जाईन, तुमच्यातल्या प्रत्येकाचं नाव देईन, आणि कायद्यात आमच्यासाठी जे कलम आहे ते लावायला लावीन. मी आता रिकामा माणूस आहे. मला दुसरं काम नाही."

खुर्ची रिकामी होती. सिद्धार्थ तिच्यावर बसला नाही. खांबापाशीच होता. त्याच्या बाहीवर कापसाचे धागे अडकलेले होते. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो त्या लोकांच्या चेहऱ्यांकडं बघत होता, एकेकाच्या.

मी त्याच्यासमोर गेलो. माझा आवाज हॉटेलभर ऐकू जाईल एवढा मोठा केला.

"सिद्धार्थ, तुझा दाखला खरा होता. तू माझ्याहून चांगला पळालास आणि मला ओढून आणलंस. टेबलावर खोटं मी बोललो. तुझी नोकरी मी घेतली. तुझं नाव मी घालवलं. मायला खरं कळू दिलं नाही. तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."